बर्लिनची भिंत टेबलावर: दुभंगलेल्या शहराची लघुप्रतिकृती कशी घडवावी

बर्लिनच्या भिंतीची प्रतिकृती करायला बसलेला नवशिका बहुतेक वेळा काँक्रीटची एक उंच भिंत उभी करतो, तिच्यावर रंगीबेरंगी चित्रे काढतो, शेजारी एक टेहळणी बुरूज ठेवतो आणि काम झाले असे समजतो. अशी प्रतिकृती दिसते छान, पण तिच्यातून शहर दुभंगले म्हणजे नेमके काय झाले हे कळत नाही. प्रत्यक्षात तिथे समोरासमोर दोन भिंती होत्या आणि त्यांच्या मधोमध कुंपण, दिवे, बुरूज आणि सारखी केलेली वाळू असलेला रुंद पट्टा होता. शिवाय हे सगळे एका दिवसात उभे राहिले नव्हते, तर १३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे ताणलेल्या काटेरी तारेपासून ते १९८० च्या दशकातील ओतीव काँक्रीटपर्यंत त्याचे रूप सतत बदलत गेले होते. म्हणून प्रतिकृती करायची ती पट्ट्याची, आणि एकाच जागेची निदान दोन वेगवेगळ्या तारखांची, असा आग्रह या लेखात धरला आहे. दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या कोणालाही हे काम जमण्यासारखे आहे. फक्त इथे कल्पनेला जागा कमी आणि मोजपट्टीला जास्त आहे.

जागा आणि तारीख आधी ठरवा

१९४५ मध्ये बर्लिनची अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि सोव्हिएत अशा चार विभागांत वाटणी झाली आणि १९४९ मध्ये दोन जर्मन राष्ट्रे अस्तित्वात आली. त्यानंतरच्या बारा वर्षांत सुमारे २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले, आणि तो ओघ थांबवण्यासाठी पूर्वेच्या सरकारने पश्चिम बर्लिनला (म्हणजे अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच विभाग मिळून झालेल्या भागाला) वेढा घालणारी सुमारे १५५ किलोमीटरची हद्द बंद केली. यातले सुमारे ४३ किलोमीटर शहराच्या दोन भागांच्या मधून जात होते. इतक्या लांबीतली कोणतीही जागा निवडता येईल, तरी पहिल्या प्रतिकृतीसाठी ‘बेर्नाउअर श्ट्रासे’ हा रस्ता घ्यावा. ब्रांडेनबुर्ग तोरण जास्त प्रसिद्ध असले तरी तिथली भिंत वेगळ्या घडणीची होती, आणि तोरणाचे कोरीवकाम नवशिक्याचा सगळा वेळ खाऊन टाकते.

बेर्नाउअर श्ट्रासेचे वैशिष्ट्य असे, की तिथे हद्द रस्त्याच्या मधून न जाता घरांच्या दर्शनी भिंतींना चिकटून जात होती. रस्ता आणि त्याचा पदपथ पश्चिमेकडच्या वेडिंग भागात, म्हणजे फ्रेंच विभागात मोडत होता, तर एका बाजूची घरे पूर्व बर्लिनमध्ये होती. त्या घरांतला माणूस दारातून बाहेर पडला की दुसऱ्या राज्यव्यवस्थेत पोहोचत असे. हद्द बंद झाल्यावर दारे ठोकून बंद करण्यात आली, खालच्या मजल्यांच्या खिडक्या विटांनी बुजवण्यात आल्या आणि लोक वरच्या मजल्यांवरून उड्या टाकू लागले. ४८ क्रमांकाच्या घरातल्या इडा झीकमान यांनी २२ ऑगस्ट १९६१ रोजी गाद्या-पांघरुणे खाली फेकून खिडकीतून उडी घेतली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. भिंतीच्या बळींमधला हा पहिला मृत्यू मानला जातो. पुढे रहिवाशांना हलवून घरे पाडली गेली, मात्र तळमजल्याच्या दर्शनी भिंती तशाच ठेवून त्यांचाच सीमाभिंत म्हणून १९८० पर्यंत वापर झाला, आणि मग त्या जागी नव्या काँक्रीटची भिंत आली. १० नोव्हेंबर १९८९ च्या रात्री भिंतीचे पहिले तुकडे काढून वाट मोकळी केली गेली ती याच रस्त्याच्या टोकाला, आणि १३ जून १९९० रोजी अधिकृत पाडकामाला सुरुवात झाली तीही इथेच.

या मालिकेतून दोन क्षण निवडावेत: ऑगस्ट १९६१ चा शेवट आणि साधारण १९८३. दोन्ही प्रतिकृतींची लांबी सारखी ठेवावी, पाहण्याचा कोन सारखा ठेवावा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्हींमध्ये एक गोष्ट अजिबात न बदलता ठेवावी. पश्चिमेकडच्या बाजूचे कोपऱ्यावरचे घर, त्याच्या पायऱ्या, समोरचा दगडी पदपथ आणि रस्त्यावरचा दिवा हे दोन्ही ठिकाणी हुबेहूब एक असू द्यावे. पाहणाऱ्याची नजर ही ओळखीची खूण पकडते, मग आपोआप समोरच्या बाजूकडे वळते आणि तिथे असलेली घरांची अख्खी रांग नाहीशी झाल्याचे तिला दिसते. हे घडवून आणणे हाच या कामाचा गाभा आहे आणि त्यासाठी कितीही वेळ दिला तरी तो वाया जात नाही.

तारीख ठरली की त्या तारखेशी विसंगत काहीही आत येऊ द्यायचे नाही. सर्वाधिक चुका रंगवलेल्या भिंतीबाबत होतात. पर्यटकांच्या छायाचित्रांतली ‘ईस्ट साइड गॅलरी’ ही सुमारे १.३ किलोमीटरची चित्रमालिका १९९० मध्ये, म्हणजे भिंत खुली झाल्यानंतर, पूर्वेच्या बाजूने रंगवली गेली. १९८३ च्या प्रतिकृतीत ती चित्रे आली तर सगळा इतिहासच उलटा होतो, कारण तेव्हा पूर्वेकडच्या माणसाला त्या भिंतीपर्यंत पोहोचताच येत नव्हते. पश्चिमेकडच्या पृष्ठभागावर मात्र घोषणा आणि नावे लिहिलेली असत. मोठी रंगीत चित्रे तिथे मुख्यतः १९८४ नंतर दिसू लागली.

प्रमाण

परदेशात रेल्वेच्या प्रतिकृतींमुळे १:८७ हे प्रमाण लोकप्रिय आहे आणि हॅम्बुर्गमधले ‘मिनिआटूर वुंडरलांड’ हे प्रचंड प्रदर्शनही त्याच प्रमाणात उभे आहे. आपल्याकडे मात्र वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांमुळे १:१०० प्रमाणाची माणसे, झाडे आणि गाड्या पुण्या-मुंबईतल्या मॉडेल साहित्याच्या दुकानांत सहज मिळतात, आणि हिशोबही सोपा होतो, कारण मीटरचा सेंटीमीटर करायचा एवढेच. १९७५ नंतर वापरात आलेल्या भिंतीचा एक तुकडा ३.६ मीटर उंच, १.२ मीटर रुंद आणि वरच्या बाजूला सुमारे १५ सेंटीमीटर जाड होता, म्हणजे प्रतिकृतीत ३६ मिलिमीटर, १२ मिलिमीटर आणि दीड मिलिमीटर. उभा माणूस १७ मिलिमीटरचा येतो. माणूस भिंतीच्या निम्म्यापेक्षाही बुटका दिसतो, आणि हे नाते बिघडू द्यायचे नाही. बाजारातल्या मोठ्या मापाच्या बाहुल्या वापरल्या की भिंत एकदम कुंपणासारखी वाटू लागते.

याच रस्त्यावरच्या ‘समेट चर्च’चा मोह अनेकांना होईल. १८९४ मध्ये उघडलेले हे लाल विटांचे चर्च भिंतीमुळे थेट पट्ट्यात अडकले, वर्षानुवर्षे बंद राहिले आणि जानेवारी १९८५ मध्ये सुरुंग लावून उडवून देण्यात आले. त्याचा मनोरा ७५ मीटर उंच होता, म्हणजे १:१०० मध्ये ७५ सेंटीमीटर. तो बाकी सगळ्याला झाकून टाकतो. चर्च हवेच असेल तर १:२०० प्रमाण घ्यावे, मात्र मग भिंत अवघी १८ मिलिमीटरची होते आणि बारकावे गळतात. पहिल्या खेपेला चर्चच्या हद्दीबाहेरचा तुकडा निवडणे शहाणपणाचे.

पाया

१९८३ च्या प्रतिकृतीसाठी ६० × ८० सेंटीमीटरचा १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड घ्यावा. रुंदीची वाटणी अशी करता येईल: पश्चिमेची घरे, रस्ता आणि पदपथ मिळून २५, दोन भिंतींमधला पट्टा ४० आणि पूर्वेकडची बाजू १५ सेंटीमीटर. पट्ट्याची रुंदी जागेगणिक बदलत असे, त्यामुळे निवडलेल्या जागेच्या विमानातून घेतलेल्या छायाचित्रावरून ती पुन्हा पडताळावी. बेर्नाउअर श्ट्रासेवरील स्मारकात दोन्ही भिंतींसह पट्ट्याचा एक तुकडा जतन केलेला आहे आणि समोरच्या मनोऱ्यावरून तो वरून पाहता येतो. तिथून काढलेली छायाचित्रे प्रतिकृतिकाराला कोणत्याही नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडतात. १९६१ च्या प्रतिकृतीला ६० × ४५ सेंटीमीटर पुरतात, कारण तेव्हा पट्टा अजून तयार झालेलाच नव्हता.

नकाशा पूर्ण मापात कागदावर छापून प्लायवूडवर चिकटवावा आणि दिशा लिहून ठेवाव्यात. इथे एक गोष्ट हमखास चुकते. पश्चिम बर्लिन म्हणजे पश्चिमेला असेच, असे गृहीत धरले जाते. या रस्त्यावर मात्र पश्चिम बर्लिन वायव्येला आणि पूर्व बर्लिन आग्नेयेला आहे. याचा परिणाम प्रकाशावरही होतो, कारण भिंतीची पश्चिमेकडची बाजू दिवसाचा बराच वेळ सावलीत आणि पट्टा उन्हात असे.

ज्यांना थोडे अधिक कष्ट घ्यायचे आहेत त्यांनी प्लायवूड सपाट न ठेवता १४ सेंटीमीटर उंच खोक्यावर बसवावा आणि खोक्याची एक बाजू जमिनीचा छेद म्हणून दाखवावी. याच रस्त्याखालून लोकांनी भुयारे खणली होती. ऑक्टोबर १९६४ मध्ये ज्या भुयारातून ५७ जण पश्चिमेला पोहोचले, ते पश्चिमेकडच्या एका बंद पडलेल्या बेकरीच्या तळघरातून सुरू झाले होते, सुमारे १४५ मीटर लांब होते आणि जमिनीखाली जवळजवळ १२ मीटर खोल गेले होते. आतली उंची मीटरभरही नव्हती. १:१०० मध्ये ते अख्खे बसत नाही, पण त्याचा ६० सेंटीमीटरचा तुकडा आणि त्यात गुडघ्यांवर सरकणारा एकच माणूस दाखवला, तरी वरच्या पट्ट्याकडे बघण्याची दृष्टी बदलते.

भिंत

६० सेंटीमीटर लांबीत ५० तुकडे बसतात. ते एकेक करून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ओतण्याची गरज नाही. दीड मिलिमीटर जाडीच्या माउंटबोर्डची ३६ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापावी आणि तिच्या दोन्ही बाजूंनी दर १२ मिलिमीटरवर बोथट कटरने पट्टीच्या आधाराने उभी रेघ ओढावी. रेघ खोल नको. रंग चढल्यावर सांधा जेमतेम दिसला पाहिजे. पट्टी उभी राहावी म्हणून प्लायवूडवर अरुंद खाच घ्यावी. मूळ तुकड्यांना खाली रुंद पाया होता, पण तो जमिनीखाली जात असल्यामुळे दाखवण्याचे कारण नाही.

भिंतीच्या माथ्यावर गोल नळी होती. चढणाऱ्याच्या हाताला पकड मिळू नये हा तिचा हेतू, आणि ती लांबीच्या दिशेने चिरून भिंतीवर वरून बसवलेली असे. प्रतिकृतीत अगदी तेच करावे. फळांच्या रसाच्या छोट्या खोक्यांसोबत मिळणारी बारीक स्ट्रॉ साधारण ४ मिलिमीटर जाडीची असते. धारदार ब्लेडने ती एका बाजूने सरळ चिरावी आणि माउंटबोर्डच्या कडेवर दाबून बसवावी. चीर वाकडी गेली तर नळी एका अंगाला कलते, म्हणून स्ट्रॉ दोन पट्ट्यांच्या मध्ये घट्ट धरूनच चिरावी. स्ट्रॉचे तुकडे जिथे जुळतात तो सांधा भिंतीच्या सांध्यावर येऊ देऊ नये. प्लास्टिकवर रंग धरत नाही, त्यामुळे आधी बारीक पॉलिश पेपरने घासून प्रायमरचा पातळ हात द्यावा.

पूर्वेकडची मागची भिंत याहून बुटकी आणि साधी, खांबांमध्ये आडवी काँक्रीटची फळकी बसवलेली अशी असे. ती २५ मिलिमीटर उंचीची करावी आणि तिच्यावर नळी बसवू नये.

रंगाच्या बाबतीत एक तपशील सोडू नये: पट्ट्याच्या आतल्या बाजूने भिंती पांढऱ्या रंगवलेल्या असत, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवर पळणारा माणूस पहारेकऱ्याला चटकन दिसे. पश्चिमेचा पृष्ठभाग मात्र करडाच ठेवावा, त्यावर पातळ काळ्या रंगाचे पाणी सोडून पावसाचे ओघळ दाखवावेत आणि मग अगदी बारीक टोकाच्या पेनने तुरळक अक्षरे लिहावीत.

पट्टा

मागच्या भिंतीकडून पश्चिमेकडे जाताना आधी संकेत देणारे तारेचे कुंपण, मग बुरूज, दिव्यांची रांग आणि गस्तीचा रस्ता, त्यापुढे वाळूचा पट्टा आणि शेवटी सीमेची भिंत, असा क्रम ठेवावा. अनेक ठिकाणी गाड्या अडवण्यासाठी खंदकही असे, पण अरुंद जागी तो नसे; आपल्या छायाचित्रात दिसत असेल तरच करावा.

कुंपणासाठी जुन्या मच्छरदाणीची जाळी आणि टाचण्या पुरतात. बुरुजांत दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात: सडपातळ गोल खांबावर अष्टकोनी खोली असलेला, आणि नंतरचा चौकोनी, जास्त भक्कम. १९८३ साठी चौकोनी बुरूज निवडावा, तो साधारण ९ सेंटीमीटर उंच करावा आणि वरच्या खोलीच्या चारही बाजूंना काचांसाठी पारदर्शक ओएचपी शीट लावावी. ६० मीटरच्या तुकड्यात एकच बुरूज पुरे. १९८९ मध्ये पश्चिम बर्लिनभोवती एकूण ३०२ बुरूज होते खरे, पण म्हणून ते एकमेकांना खेटून उभे नव्हते.

वाळूचा पट्टा हा या प्रतिकृतीतला माझ्या मते सर्वांत बोलका भाग. तिथली वाळू नियमितपणे दाताळ्याने सारखी केली जाई, म्हणजे कोणी ओलांडले तर पावले उमटत. यासाठी बारीक रांगोळी उत्तम. तिच्यात चिमूटभर मुलतानी माती मिसळली की पांढरेपणा मरतो. प्लायवूडवर फेविकॉलचा जाडसर हात द्यावा, रांगोळी चाळणीने सारखी भुरभुरावी आणि फेविकॉल अर्धवट सुकल्यावर बारीक दातांची फणी भिंतीला समांतर अलगद ओढावी. फार लवकर ओढली तर गाळ होतो आणि उशीर झाला तर रेघ उमटत नाही, तेव्हा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आधी अंदाज घ्यावा. गस्तीच्या रस्त्यासाठी ३ सेंटीमीटर रुंदीचा काळा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर करड्या रंगाचा कोरडा हात फिरवावा.

दिव्यांसाठी दिवाळीत मिळणारी तांब्याच्या तारेची एलईडी माळ वापरता येते. तार प्लायवूडच्या खालून फिरवावी आणि फक्त दिवे खांबांवर आणावेत. खोलीतला उजेड कमी केल्यावर पट्टा आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा ठळकपणे उजळलेला दिसला पाहिजे, कारण रात्रीही तो तसाच असे.

१९६१ ची घरे

या प्रतिकृतीत घरांच्या दर्शनी भिंतीच सीमा आहेत, म्हणून सगळे लक्ष त्यांच्यावर द्यावे. ५ मिलिमीटर सनबोर्डवर सुमारे २० सेंटीमीटर उंचीची पाच मजली रांग कापावी, खिडक्या साधारण १० × २० मिलिमीटरच्या ठेवाव्यात आणि मागे काळा कागद लावावा. वरच्या मजल्यांच्या काही खिडक्यांत टिश्यू पेपरचे पडदे असावेत, कारण लोक अजून तिथे राहत होते. तळमजल्याच्या खिडक्या मात्र बुजवलेल्या. या प्रमाणात विटा कोरण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. एका विटेची जाडी पाऊण मिलिमीटरही येत नाही. त्याऐवजी पुठ्ठ्याचा खरबरीत तुकडा किंचित आत बसवून त्याला घराहून वेगळा, ताज्या सिमेंटचा फिकट रंग द्यावा. जुन्या भिंतीतला तो नवा चौकोन पुरेसे सांगतो.

बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी काटेरी तारेची वेटोळी दाखवावीत. १५ ऑगस्ट १९६१ रोजी कॉनराड शूमान हा १९ वर्षांचा पूर्वेचा पहारेकरी याच रस्त्यावर, रुपिनर श्ट्रासेच्या कोपऱ्यावर, अशा वेटोळ्यांवरून उडी मारून पश्चिमेला गेला होता. जुन्या विजेच्या वायरमधला तांब्याचा एकेक धागा काढून पेन्सिलीभोवती गुंडाळला की हुबेहूब वेटोळे मिळते. तारेचे काटे १:१०० मध्ये दिसत नाहीत, ते करत बसू नये.

माणसे

माणसे कमी ठेवावीत आणि प्रत्येक माणूस तिथे का आहे याचे उत्तर आपल्याकडे असावे. १९६१ मध्ये पदपथावर उड्या झेलण्यासाठी चादर ताणून उभे असलेले पश्चिम बर्लिनच्या अग्निशमन दलाचे जवान आणि मागे वर पाहत उभे शेजारी दाखवता येतात. १९८३ मध्ये पश्चिमेच्या बाजूला लाकडी माचा उभारलेल्या असत, त्यावर चढून लोक पलीकडे पाहत. आइस्क्रीमच्या काड्यांची अशी एक माची करून तिच्यावर तीन-चार जण उभे करावेत. मागच्या भिंतीजवळचा पूर्वेचा रस्ता मात्र मोकळा ठेवावा, कारण सीमेलगतच्या भागात परवान्याशिवाय जाता येत नसे. पूर्व जर्मनीत बनणारी एखादी छोटी ट्राबांट गाडी ठेवायची असेल तर ती साडेतीन सेंटीमीटर लांबीची असावी आणि सीमेपासून दूर उभी असावी.

मृत माणसाची आकृती करू नये असे माझे ठाम मत आहे. भिंतीवर किमान १४० जणांचा जीव गेला, त्यांची कुटुंबे आजही आहेत, आणि १७ मिलिमीटरच्या पडलेल्या बाहुलीतून त्या मृत्यूचे गांभीर्य पोहोचत नाही, उलट ते हलके होते. इडा झीकमान यांच्या खिडकीचे दार उघडे ठेवावे, खाली पदपथावर फिकट कापडाची दोन-तीन पांघरुणे पसरावीत आणि त्यांचे नाव, घर क्रमांक व तारीख शेजारच्या पाटीवर स्पष्ट लिहावी.

मांडणी

प्रतिकृती टेबलावर खाली ठेवली की पाहणारा सगळे वरून बघतो आणि भिंत ओलांडणे सोपे वाटते. म्हणून पाया साधारण १२५ सेंटीमीटर उंचीवर असावा, शाळेत लावायची असेल तर मुलांच्या खांद्याएवढ्या उंचीवर, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला उभ्या राहिलेल्याला थोडे खाली वाकून पाहिल्यावर भिंतीपलीकडचे फक्त बुरुजाचे टोक आणि दिवे दिसतील. त्याला चालत दुसऱ्या बाजूला जाता आले पाहिजे, त्यामुळे प्रतिकृती भिंतीला लावून ठेवू नये. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या पाट्या लावाव्यात; पश्चिमेच्या पाटीवर तिथून काय दिसे ते आणि पूर्वेच्या पाटीवर तिथून काय दिसत नसे ते, प्रत्येकी चार-पाच ओळींत. १९६१ आणि १९८३ च्या प्रतिकृती शेजारी ठेवताना ते न बदललेले कोपऱ्यावरचे घर दोन्हींमध्ये एकाच बाजूला येईल याची खात्री करावी.

रांगोळीवर ओलसर हवेत डाग पडतात, तेव्हा पावसाळ्यापूर्वी ॲक्रिलिकचे झाकण करून घ्यावे आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवाव्यात. बुरूज आणि माची चिकटवून न टाकता खुंटीवर बसवल्या, तर प्रतिकृती दुसरीकडे नेताना त्या वेगळ्या काढून कापसात गुंडाळता येतात.